प्रवास कोणाचा, दान कोणाचे?

अभ्यासासाठी शास्त्रपाठ : रोमकरांस १५:२३–२८, १ करिंथ १६:१–४, २ करिंथ ८:१६–२१



या तिमाहीच्या अभ्यासाचा विषय आपल्या मंडळ्यांत व्यासपीठावरून फारसा बोलला जात नाही. आमच्या धानोऱ्याच्या कार्यालयात येणाऱ्या पत्रांत मात्र तो वरचेवर डोकावतो. शहरातला एखादा तरुण लिहितो, "मी हिमालयात ट्रेकला जाणार आहे. तुमच्या वाचकांनी मला स्पॉन्सर करावे. माझा खर्च वजा जाता जे उरेल ते मी तुमच्या वसतिगृहाला देईन." कोणी सायकलवरून दूरचा पल्ला गाठणार असतो, कोणी मित्रमंडळी घेऊन तोरणमाळला चढणार असतो. पत्रे मनापासून लिहिलेली असतात. लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही प्रत्येक पत्राबरोबर एक प्रश्न येतो. गरिबांच्या नावाने जमणाऱ्या पैशातून कोणाचा प्रवास व्हावा का? आणि व्हायचा असेल तर कोणत्या अटींवर? याचे उत्तर आधी पवित्र शास्त्रात शोधू, मग आपल्या अवतीभवती पाहू.

पौलाच्या दोन पिशव्या

प्रेषितांमध्ये सर्वांत जास्त प्रवास केलेला माणूस म्हणजे पौल. गरिबांसाठी सर्वांत मोठी वर्गणी गोळा करणाराही तोच. म्हणून आपल्या प्रश्नावर त्याचे वागणे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात दोन गोष्टी लागोपाठ येतात. २४व्या वचनात पौल सांगतो की त्याला स्पेनला जायचे आहे आणि रोमच्या बांधवांनी त्याला पुढच्या वाटेला लावावे अशी त्याची आशा आहे. येथे वापरलेल्या ग्रीक शब्दात नुसता निरोप देणे येत नाही, प्रवाशाच्या वाटखर्चाची आणि सोबतीची तजवीज करून त्याला रवाना करणे असाही अर्थ येतो. म्हणजे पौल स्वतःच्या प्रवासासाठी मदत मागतो आहे. त्या काळच्या लोकांना स्पेन म्हणजे पश्चिमेकडचे जगाचे टोक वाटे. आजच्या भाषेत तो मोठाच साहसी प्रवास होता.

लगेच पुढे, २५ आणि २६व्या वचनांत, तो लिहितो की सध्या आपण यरुशलेमला निघालो आहोत, कारण मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांनी तिथल्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी केली आहे. आणि २८व्या वचनात क्रम स्पष्ट करतो : आधी ही वर्गणी ज्यांची आहे त्यांच्या हाती पोहोचवीन, मग तुमच्याकडून स्पेनला जाईन.

येथे दोन पिशव्या आहेत. एक स्पेनच्या वाटेची, दुसरी यरुशलेमच्या गरिबांची. पौल दोन्हींविषयी उघडपणे बोलतो, पण एकीतले दुसरीत घालत नाही. यरुशलेमच्या गरिबांची कणव दाखवून तो स्पेनचे तिकीट मागत नाही. स्पेनसाठी मागतो ते स्पेनच्याच नावाने मागतो.

वर्गणी नेण्याची रीतही पाहा. १ करिंथ १६मध्ये तो सांगतो की पैसे घेऊन जाणारी माणसे देणाऱ्या मंडळीनेच पसंत करावीत. आपण स्वतः जाणे योग्य ठरले तर तीच माणसे आपल्याबरोबर येतील. प्रेषितांची कृत्ये २०:४मध्ये त्याच्या सोबत्यांची सात नावे दिली आहेत, आणि ती निरनिराळ्या प्रांतांतली आहेत. २ करिंथ ८:२०–२१मध्ये तो याचे कारण सांगतो. एवढ्या मोठ्या देणगीच्या कामात कोणी आपल्याला बोल लावू नये, प्रभूच्या दृष्टीने तर खरेच पण माणसांच्या दृष्टीनेही सर्व चोख असावे, यासाठी ही खबरदारी आहे. आपला देवावर भरवसा आहे, मग माणसांना हिशेब कशाला, असे पौलाने म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पौलाच्या संकटांची यादी फार मोठी आहे. तीनदा जहाज फुटले, पाचदा फटके खाल्ले, नद्यांची आणि लुटारूंची भीती सोसली. आज एखाद्याने असा प्रवास केला तर त्यावर निधी उभा राहील. पण ही यादी आहे २ करिंथच्या ११व्या अध्यायात, आणि तीही तो संकोचाने, मूर्खासारखे बोलतो म्हणून देतो. दानाचे आवाहन आहे ८व्या आणि ९व्या अध्यायांत. तिथे जहाज फुटल्याचा उल्लेखही नाही. तिथे द्यायला लावणारे कारण एकच आहे : आपल्यासाठी दरिद्री झालेला ख्रिस्त, आणि गरजेत असलेले भाऊबंद. देणाऱ्याचे डोळे पौलाकडे नव्हे तर यरुशलेमकडे लागावेत, अशी ही मांडणी आहे.

आपल्या काळातली उदाहरणे

साहस आणि सेवा यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. मात्र सगळी उदाहरणे एका जातीची नाहीत.

डिसेंबर १९८५मध्ये बाबा आमटे कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रेला निघाले. शंभराहून अधिक तरुण सायकलवर होते. स्वतः बाबा पाठीच्या विकारामुळे बसू शकत नसत, ते गाडीत आडवे पडून प्रवास करत. त्या यात्रेचा हेतू निधी जमवणे हा नव्हता. माणसे जोडणे हाच हेतू होता, आणि प्रवास हेच त्याचे साधन होते. अशा यात्रेला ज्याने मदत केली त्याने यात्रेसाठीच केली. त्यात फसगत नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. दर जानेवारीत हजारो लोक तिथे धावतात, आणि त्यातले काही जण एखाद्या सामाजिक संस्थेसाठी धावतात. आपल्या ओळखीच्यांना ते त्या संस्थेला देणगी द्यायला सांगतात, आणि युनायटेड वे मुंबईच्या व्यवस्थेतून ती संस्थेकडे जाते. येथे एक मांडणी शिकण्यासारखी आहे : धावण्याची प्रवेश फी वेगळी, संस्थेला दिलेली देणगी वेगळी.

२०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत कापले. त्यांनी आपल्या संघाच्या नावातच आदिवासींच्या दृष्टीचा, म्हणजे नेत्रसेवेचा, विषय घेतला होता. सह्याद्रीतल्या पाड्यांवरच्या अधू डोळ्यांचा प्रश्न एरवी ज्यांच्या कानी पडला नसता अशा लोकांपर्यंत तो पोहोचला. साहसाचा हा उपयोग खरा आहे आणि तो नाकारू नये.

मे २०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. 'मिशन शौर्य' नावाची ती मोहीम आदिवासी विकास विभागाने राबवली होती. त्यावर खर्च झाला, पण तो त्या मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी आहे असे आधीच सांगितलेले होते. शिवाय पर्वतावर चढणारे स्वतःच आदिवासी होते. या मोहिमेत आदिवासी साहसाचे निमित्त नव्हते, साहस त्यांचेच होते.

ब्रिटनमध्ये मात्र या प्रकाराला एक वेगळे वळण लागले. तिथे प्रवास कंपन्या आणि धर्मादाय संस्था मिळून दूरदेशीचे ट्रेक आखतात. त्याच्या साधारण दोन पद्धती आहेत. एकीत प्रवासी स्वतःचा खर्च स्वतः भरतो आणि जमवलेली सगळी देणगी संस्थेला जाते. दुसरीत प्रवाशाने एक ठरावीक रक्कम जमवायची आणि त्यातूनच त्याचा प्रवासखर्च भागवायचा. या दुसऱ्या पद्धतीवर तिथे पुष्कळ टीका झाली, कारण आपल्या पैशातून मित्राचे विमानतिकीट निघाले हे देणाऱ्यांना पुष्कळदा माहीतच नसे. आपल्याकडे येणारी बहुतेक पत्रे याच दुसऱ्या पद्धतीची असतात.

"काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे"

या पद्धतीची बाजू घेणारे एक सरळ युक्तिवाद करतात. तो प्रामाणिकपणे तपासू या.

समजा, ट्रेकचा खर्च माणशी ३०,००० रुपये आहे आणि त्या तरुणाने ५०,००० रुपये जमवले. वसतिगृहाला २०,००० मिळाले. तो म्हणतो, "मी गेलो नसतो तर हे २०,००० तरी कुठून आले असते?" आमच्या खजिनदारांच्या बाजूने पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नाही. वीस हजारांत मुलींच्या अंथरुणा-पांघरुणाची सोय होते.

पण देणाऱ्याच्या बाजूने पाहा. ज्याने १०० रुपये दिले त्याचे ६० रुपये ट्रेकला गेले आणि ४० वसतिगृहाला. त्याला वाटले आपण शंभर रुपये आदिवासी मुलींना दिले. हेच त्याला आधी सांगितले असते तर त्याने कदाचित आनंदाने दिले असते, कदाचित चाळीसच थेट पाठवले असते. निवड त्याची होती, ती त्याच्या हातून काढून घेतली गेली. आपल्याकडे म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालावर आपण दानशूर व्हायचे, हे शास्त्रालाही मान्य नाही. २ शमुवेल २४:२४मध्ये अरवना आपले खळे आणि बैल दावीद राजाला फुकट देऊ करतो. दावीद ते घेत नाही. ज्यासाठी आपल्याला काही पडले नाही असे अर्पण आपण देवाला करणार नाही, म्हणून तो पैसे मोजतो.

दुसरे असे की दूरच्या प्रवासाशिवाय लोक देत नाहीत, हे खरे नाही. २०२० साली इंग्लंडमध्ये टॉम मूर नावाच्या निवृत्त सैनिकाने आपल्या शंभराव्या वाढदिवसाआधी स्वतःच्या बागेत, चालण्याच्या आधाराची चौकट धरून, शंभर फेऱ्या मारल्या. प्रवासखर्च शून्य. तीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम आरोग्यसेवेच्या मदतनिधीला मिळाली. लोकांना त्या म्हाताऱ्याची जिद्द आणि कामाची गरज, दोन्ही कळली होती. याच गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. नंतर त्याच्या नावाने कुटुंबीयांनी वेगळी संस्था काढली, आणि कुटुंबीयांनी तिच्यातून खासगी लाभ घेतल्याचा ठपका तिथल्या धर्मादाय आयोगाने २०२४ साली ठेवला. लोकांचे प्रेम कितीही खरे असले तरी ते हिशेबाची जागा घेऊ शकत नाही. पौलाने सोबत माणसे घेतली ती याचसाठी.

तिसरी गोष्ट आपल्या कामाशी थेट निगडित आहे. आपला सर्वांत मोठा साठा बँकेत नाही, लोकांच्या विश्वासात आहे. कापणीच्या सणाला आपल्या मंडळ्यांत कोणी ज्वारीची टोपली आणते, कोणी मका, कोणी कोंबडी. लिलाव होतो आणि ते पैसे सेवेला जातात. ती टोपली आणणाऱ्या बाईने कधी हिमालय पाहिलेला नाही. तिने दिलेले आणि ट्रेकसाठी दिलेले एकाच खात्यात, एकाच नावाने मिसळले, तर तिच्यावर अन्याय होतो.

कायद्याचाही विचार करा. प्रवासाची सोय मिळावी म्हणून भरलेली रक्कम ही देणगी नव्हे, तिची ८०जीची पावती संस्था देऊ शकत नाही. परदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. ज्या रुपयातून आम्हाला कार्यालय चालवायलाही २० पैशांच्या वर खर्च करता येत नाही, तसल्याच रुपयातले ६० पैसे सहलीला जावेत, हे कोणाला पटवून देता येईल?

चढण तीच, अर्थ वेगळा

आणखी एक बाजू आहे, आणि ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

सातपुड्याची जी चढण शहरातून आलेल्याला साहस वाटते, तीच इथल्या माणसाची रोजची वाट आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत आजही काही पाडे असे आहेत की तिथे गाडी पोहोचत नाही. बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला बांबूला झोळी बांधून रस्त्यापर्यंत आणावे लागते. लोक त्याला 'बांबूलन्स' म्हणतात. त्या झोळीला खांदा देणाऱ्याला कोणी स्पॉन्सर करत नाही. दिवाळीत हजारो आदिवासी बांधव अस्तंबा डोंगराच्या यात्रेला रात्रीची चढण चढतात. आपली श्रद्धा वेगळी असली तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल : ते आपली भाकरी आपल्या फडक्यात बांधून निघतात.

हे मी शहरातल्यांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. पण इथल्या लोकांचे कष्ट दुसऱ्याच्या साहसाची पार्श्वभूमी होऊ नयेत. एकदा शहरातला एक गट पाड्यावर आला होता. पाड्यातल्या बायकांनी मजुरी बुडवून दोन दिवस भाकऱ्या थापल्या आणि उडदाची डाळ रांधली. फोटोसाठी मुले उन्हात तास-दीड तास उभी राहिली. गट आनंदाने परतला आणि ठरलेली देणगी त्याने वेळेवर पाठवली. पण त्या बायकांची बुडलेली मजुरी कोणत्याच हिशेबात आली नाही. मत्तय ६मध्ये प्रभूने दान करताना कर्णा वाजवू नका असे सांगितले. आजचा कर्णा म्हणजे कॅमेरा, आणि तो वाजवताना आपण दुसऱ्याच्या लेकराला समोर उभे करतो.

मग प्रवासाला मदत करायचीच नाही का? करायची, पण प्रवास कोणाचा ते पाहून. नंदुरबारच्या रुग्णालयात नातेवाइकाबरोबर राहणाऱ्या माणसाचे जीपभाडे, बचत गटाच्या बायकांना नाशिकच्या प्रदर्शनाला जाण्याचा खर्च, ज्या मुलांनी रेल्वे आतून पाहिलेली नाही त्यांची सहल, हेही प्रवासच आहेत. लूक १०मधला शोमरोनी आपल्या कामाने, आपल्या खर्चाने वाटेला लागला होता. जखमी माणसासाठी त्याने आपल्या जनावराची जागा दिली आणि खाणावळवाल्याला दोन दीनार आपल्या खिशातून दिले. गाढवावर बसला तो जखमी.

नाशिकहून एक नोकरदार भगिनी आम्हाला लिहितात. त्या दर शनिवारी कामावरून घरी चालत येतात. मैत्रिणी त्यांना किलोमीटरमागे काही रुपये देतात, आणि रिक्षाचे वाचलेले पैसे त्या स्वतः त्यात घालतात. या थंडीत त्यातून वसतिगृहाच्या मुलींसाठी ब्लँकेटे आली. त्यांच्या चालण्यावर दुसऱ्याचा एक पैसाही खर्च झाला नाही.

आपल्या पत्रकासाठी काही नियम

या अभ्यासावरून, यापुढे अशी विनंती या पत्रकात छापण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात असे मी सुचवतो. मंडळ्यांच्या तरुण संघांनाही त्या उपयोगी पडतील.

१. प्रवास करणाऱ्याने आपला खर्च आपण भरावा. जमलेली देणगी पूर्ण कामाला जावी.

२. कोणाची तेवढी ऐपत नसेल तर त्याने पौलासारखे स्पेनसाठी स्पेनच्या नावाने मागावे. प्रवासाची पावती वेगळी, गरिबांच्या दानाची वेगळी.

३. प्रत्येक शंभर रुपयांतले किती कामाला जाणार, हे आवाहनाच्या पहिल्याच परिच्छेदात ठळक अक्षरांत लिहावे.

४. पाड्यावर यायचे असेल तर आधी पाड्याला विचारावे. जेवण, मुक्काम, वाटाड्या यांचे पैसे रोख द्यावेत. मुलांचे फोटो आईबापांच्या संमतीशिवाय काढू नयेत.

५. पैसे प्रवाशाच्या खात्यावर न घेता थेट संस्थेच्या खात्यावर घ्यावेत, आणि हिशेब पुढच्याच अंकात नावनिशीवार छापावा.

या नियमांमुळे काही पत्रे परत जातील आणि काही रक्कम हातची जाईल. वसतिगृहाच्या छपराचे काम अर्धवट असताना हे लिहिणे सोपे नाही. पण जे येईल ते देणाऱ्याला ठाऊक असलेले दान असेल, आणि ते आपण निर्मळ हातांनी घेऊ शकू.

चर्चेसाठी प्रश्न

१. रोमकरांस १५:२४ आणि १५:२६ या दोन वचनांत पौल कोणकोणत्या दोन गरजा सांगतो? त्या त्याने एकत्र का केल्या नसाव्यात?

२. आपल्या मंडळीच्या तरुण संघाने निधीसाठी सायकल फेरी काढायचे ठरवले, तर खर्च कोणी करावा? टी-शर्ट आणि नाश्त्याचा खर्चही धरा.

३. आपल्या गावातल्या कोणाच्या प्रवासाला खरोखर मदतीची गरज आहे? या महिन्यात त्यातल्या एकासाठी आपण काय करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू, तू आमच्यासाठी दरिद्री झालास. देताना आमचा हात मोकळा कर आणि घेताना आमचा हिशेब स्वच्छ ठेव. डोंगर चढणाऱ्यांना तू सांभाळ, आणि ज्यांना झोळीतून उतरवावे लागते त्यांना विसरू देऊ नकोस. आमेन.